पाठीवरचं गाव

…आणि वर तो मला म्हणतो, "मिस्टर कॅमिश, तुम्ही कोपर जरा जास्तच वापरता." कोपर जास्त वापरता! तुम्हाला सांगतो, सत्तर वर्षांत माझ्यावर नाना आरोप झाले, पण कोपर जास्त वापरल्याचा हा पहिलाच. अहो, मी खेकडे धरणारा माणूस. पहाटे होडी काढायची, पाण्यातून पिंजरे ओढायचे, तर कोपरं कुठे ठेवू? घरी ठेवून जाऊ? बायकोला सांगू का, "डोरीन, कोपरं टेबलावर ठेवलीत गं, मांजराला घालू नकोस"?

हा बोलणारा म्हणजे जॉस्लिन. लंडनहून आलेला. आमच्या हॉर्नवीच्या धक्क्यावर जिथे पूर्वी दोर आणि डांबर मिळायचं, तिथे यानं कपड्यांचं दुकान काढलं. काचेत एक पिंजरा टांगलाय, जो जन्मात पाण्यात गेला नाही, आणि त्याच्याखाली पाटी, 'अस्सल कोळी स्वेटर'. शेजारी त्या अस्सल कोळ्याचा फोटो. हात असे गोरेगोमटे, की बटाटा सोलला तरी फोड यावेत. किंमत ऐकून मी तिथल्याच एका मोडक्या खोक्यावर बसलो, तर ते खोकंसुद्धा विकायचं होतं. पण जॉस्लिन गोड आवाजात म्हणाला, "मिस्टर कॅमिश, स्वस्तातले दहा घेण्यापेक्षा चांगला एक घ्यावा. आयुष्यभराची चीज आहे."

आता हे तर माझंच मत! आठ वर्षांत मी अकरा स्वेटर फाडले होते. एकाची बाही धुण्यात लांबली ती गुडघ्यापर्यंत, एक आखडून असा झाला की डोरीननं चहाच्या किटलीला घातला. तेव्हा म्हटलं, जाऊ दे, एकदाच भरपूर पैसे जाऊ देत, पण वस्तू वस्तूसारखी असू दे. घेतला. आणि अकराव्या आठवड्यात कोपर बाहेर. तेही एक नाही, दोन्ही, जोडीनं.

गेलो दुकानात. म्हटलं, "जॉस्लिन, हे काय?" त्यानं स्वेटर हातात घेतला, कुरवाळला आणि म्हणाला, "ही लोकर श्वास घेते, मिस्टर कॅमिश." म्हटलं, "श्वास घेत होती तर तीन महिन्यांत मेली कशी?" मग ते कोपराचं काढलं. मग म्हणाला, हा स्वेटर तसा कामासाठी नाहीच, याच्यामागे कोळ्याची भावना आहे. भावना! मी भावना घालून समुद्रात जाऊ? म्हटलं, "तू आयुष्यभराची चीज म्हणाला होतास. कुणाच्या आयुष्यभराची? माशीच्या?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. माझ्यावर, बरं का. म्हातारा खवळलाय म्हणून. जॉस्लिननं त्यांच्याकडे बघून डोळा मारला. तो डोळा मी पाहिला आणि तिथल्या तिथे ठरवलं, याची जिरवायची. याच दुकानात, याच्याच गिऱ्हाइकांसमोर, टिकाऊ वस्तू काय असते ते याला दाखवून जिरवायची.

आणि ती काय असते हे मला पक्कं माहीत होतं, कारण माझ्याकडे एक होती. अडतीस वर्षं. आमच्याकडे तिला गॅन्सी म्हणतात, तुम्ही स्वेटर म्हणा. गर्द निळी, पाच सुयांवर गोल गोल विणलेली, कुठे शिवण नाही, काखेत हात हलायला वेगळी कळी, आणि वीण इतकी घट्ट की पाऊस वरच्यावर विचार करत बसायचा, आत जावं की नको. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. आमच्या हॉर्नवीची शिडी. आमच्याखालच्या ग्रिम्सविक गावाची पत्त्यातल्या चौकटीची. का वेगळी, तर माणूस बुडाला आणि महिन्यानं कुठे किनाऱ्याला लागला, की ओळखायला चेहरा राहिलेला नसतो, गॅन्सी राहिलेली असते. नक्षी बघायची, त्या गावाला निरोप धाडायचा, ते येऊन घेऊन जातात आणि आपल्यात पुरतात. आणि ग्रिम्सविकमध्ये पुरून घ्यायची हॉर्नवीच्या कुठल्याही माणसाची तयारी नाही. ते लोक खेकडा उकळताना पाण्यात मीठ घालत नाहीत. आणखी काय सांगू?

तर ती माझी जुनी गॅन्सी. ती कुणी विणली होती, हे… बरं, सांगतोच, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हिल्डा हॅक्सबीनं. आमच्याकडे रीत आहे, लग्न ठरलं की मुलीनं होणाऱ्या नवऱ्याला गॅन्सी विणून द्यायची. हिल्डानं दिली. आणि मी लग्न डोरीनशी केलं. ग्रिम्सविकच्या डोरीनशी. माणसाच्या हातून होतं एखादं. त्याबद्दल गावानं मला केव्हाच माफ केलं असतं. माफ केलं नाही ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी गॅन्सी परत केली नाही. अहो, चांगली होती! काय करणार? परत करून ती कुणाला बसणार होती? माझ्या मापाची होती.

डोरीननं अडतीस वर्षं वाट पाहिली ती फाटायची. फाटेना. शेवटी एक दिवस मी घरी आलो तर ही बाई तिचे तुकडे करून शेगडी पुसतेय. म्हणाली, "दोन कात्र्या बोथट झाल्या, नेव्हिल." वर मला हसून दाखवलं. तिथून ते अकरा स्वेटर, आणि तिथून जॉस्लिन.

म्हणजे आता मार्ग एकच. गावात खरी गॅन्सी विणणारं माणूस एकच उरलेलं. गेलो हिल्डाच्या दारात. सेहेचाळीस वर्षांत बोललो नव्हतो. रविवारी चर्चमध्ये ती हार्मोनियम वाजवते, तेव्हा आमच्याकडे तिची पाठ असते, तेवढीच ओळख. दार उघडलं.

"कोण मेलं?"

"कुणी नाही. मला एक गॅन्सी हवी होती."

"मागची कुठाय?"

"गेली."

"माझी गॅन्सी जात नाही."

"डोरीननं कापली."

हे ऐकून बाई जरा विचारात पडली. "कधीपर्यंत घातलीस?"

"अडतीस वर्षं."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची," मी म्हटलं, "पण ऊबही लागायची."

तिनं आत घेतलं. चहा विचारला नाही. आमच्या यॉर्कशायरमध्ये घरात घेऊन चहा न विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही, त्यापेक्षा कानाखाली मारलेली बरी. टेप काढली. मी पोट आत ओढलं. म्हणाली, "सोड. तुझं खरं माप मला ठाऊक आहे." किंमत सांगितली ती जॉस्लिनच्या तिप्पट. कबूल. चौदा महिने लागतील. कबूल. मग तिनं अट सांगितली, "बाही मी खांद्याकडून खाली विणते. कोपर झिजलं की आणून दे, तिथपर्यंत उसवून नवं विणून देईन, मी आहे तोवर फुकट. गॅन्सीच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. अंग उसवायला गेलास की सगळंच गेलं." मी सगळ्याला मान डोलावली. सुडासाठी माणूस कशालाही मान डोलावतो. आणि निघताना तिला जॉस्लिनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सूड म्हणून हवीय होय? मग मन लावून विणते."

मला वाटलं, बाई पाघळली.

चौदा महिन्यांनी बोलावलं. तिनं ती माझ्या डोक्यातून स्वतः खाली ओढली. काय सांगू! अंगात घातली आणि मी वीस वर्षांचा झालो. छातीवर आमची शिडी, एक टाका इकडचा तिकडे नाही. कडेला माझी अक्षरं, एन. सी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, लपवत नाही. अशी वस्तू करणारं माणूस अजून आहे आणि ते माझ्यासाठी बसून विणतं, याचं आलं. हिल्डाच्या घरात आरसा नाही. माझ्या घरात आहे, पण पुरुष माणूस आरशात किती बघतो? पुढून बघतो आणि जातो. डोरीननं पाहिली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि तब्येतीनं हसली. "छान झालीय रे." सेहेचाळीस वर्षांत हिल्डाच्या कशाला ती छान म्हणाली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग शनिवार बघितला. ऑगस्टचा, सुट्टीवाल्यांची झुंबड, जॉस्लिनचं दुकान तुडुंब. मी मधोमध जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मंडळी, जरा ही ओढा." आधी कुणी पुढे येईना. मग एक कुत्रंवाली बाई आली, तिनं ओढली. मग एक जाडा गृहस्थ आला, तो अक्षरशः बाहीला लटकला. काही नाही, एक टाका हलला नाही! मी म्हटलं, "आता तो काचेतला स्वेटर ओढा." जाड्यानं ओढला. टर्र. तुम्हाला सांगतो, असं संगीत मी आयुष्यात ऐकलेलं नाही. जॉस्लिन पांढरा पडला. लोक हातातले स्वेटर हळूच परत घड्या करून ठेवायला लागले. मी त्याच्याकडे बघून डोळा मारला, तोच डोळा, जपून ठेवला होता. आणि दोन्ही हात पसरून म्हटलं, "याला म्हणतात आयुष्यभराची चीज!" आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मोठ्या दिमाखात गर्रकन वळलो.

दारातून आवाज आला, "अरे वा, दाजी! आलात का शेवटी आमच्यात?"

माझा मेव्हणा. सिडनी. डोरीनचा भाऊ, ग्रिम्सविकचा, हातात आइस्क्रीम. हा माणूस मला लग्नापासून छळतोय. म्हटलं, "काय आलो तुमच्यात?" तर तो लोकांना आइस्क्रीमनं माझी पाठ दाखवायला लागला, शाळामास्तरासारखा. "ही बघा चौकट. ही आमच्या ग्रिम्सविकची. पुढून कुणीही काहीही म्हणवून घेईल हो, पाठ खोटं बोलत नाही." छातीवर माझं गाव आणि पाठीवर त्यांचं! सगळं दुकान हसलं. जाडा हसला, कुत्रंवाली हसली. आणि जॉस्लिन… त्यानं पाठमोरा फोटो काढला. तो आता काचेत आहे, त्या गोऱ्यागोमट्या कोळ्याच्या जागी. खाली लिहिलंय, 'दोन गावांची परंपरा, एका स्वेटरमध्ये'. तसलेच विणून घेतलेत कुठूनतरी. धडाधड खपतायत. कोपरं जातात म्हणे तीन महिन्यांत.

तडक गेलो हिल्डाकडे. म्हटलं, "हे काय केलंस?" सुया न थांबवता म्हणाली, "नेव्हिल, लग्नाला पंधरा दिवस असताना तू माझ्याकडे पाठ फिरवलीस ती ग्रिम्सविकला जायला. मी शेवटची बघितली ती पाठच. म्हटलं, पाठीवर गाव चुकायला नको."

"उसव," मी म्हटलं.

"अंग उसवत नाही. सांगितलं होतं."

"मग मी घालणार नाही."

"नको घालूस," ती म्हणाली. "ऊब लागत नसेल तर नको घालूस."

लागते हो! तिथेच तर मेलो. तिसरा हिवाळा आहे हा, एक टाका सैल नाही. मी काय काय केलं नाही तुम्हाला सांगतो. धक्क्याच्या एका खांबाला शंख-शिंपले चिकटलेत, चाकूसारखे, त्याला रोज अर्धा तास पाठ घासतो, म्हशीसारखी. खांब गुळगुळीत झालाय. कामाला वीण चोख, तिला नाव ठेवायला जागा नाही, हेच तर दुःख आहे. घरी डोरीनला विचारलं, "तुला दिसली नव्हती पाठ?" म्हणाली, "पहिल्याच दिवशी दिसली की. तू भांडी घासत उभा असतोस ना, तेव्हा बरं वाटतं बघायला. माहेरची आठवण येते." आणि आता दर गुरुवारी हिल्डा आमच्याकडे येते. दोघी चहा पितात. हिल्डाला पहिला कप मिळतो. मला उरला तर.

मागच्या गुरुवारी मी त्या दोघींना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "हे बघा, ही काही माझ्या हयातीत फाटत नाही, ते मी मान्य केलं. आयुष्यभराची चीज आहे. पण मरणाचं मी ठरवणार. मला हॉर्नवीतच पुरायचं, आणि उताणं. शिडी वर, चौकट खाली, कुणाला दिसता कामा नये." डोरीन म्हणाली, "अरे, उताणंच ठेवतात सगळ्यांना, काळजी कसली करतोस?" मी म्हटलं, झालं, मिटलं. तेवढ्यात हिल्डानं कप खाली ठेवला.

"आणि समुद्रात गेलास तर?" ती म्हणाली. "बुडालेला माणूस पालथा वर येतो, नेव्हिल."

तेव्हा होडी विकली. आता मला कसंही करून घरातच, अंथरुणात, छताकडे बघत मरायचंय… आणि जवळ कोण असणार, तर या दोघी.