इंजिनकामानंतरची वरात

…नाही, तुम्ही हसताय, पण मला सांगा, पन्नासच्या वर न्यायची नाही असं बजावून जयपूरच्या रस्त्यावर माणसाच्या हातात गाडी देणं हा काय न्याय झाला? ई-रिक्षावाले मला हॉर्न मारतात हो! ई-रिक्षावाले!

तुम्हाला सांगतो, माझी पांढरी गाडी जुनी. विमा कंपनीतल्या माणसाची असते तशी, विमा पूर्ण आणि बाकी सगळं अर्धवट. मैथिली, म्हणजे आमची मुलगी, जन्मल्यावर दवाखान्यातून याच गाडीतून घरी आली, मिरजेहून जयपूरला बदली झाली तेव्हा कुंड्यासुद्धा हिच्यातूनच आल्या, आणि यंदा गाडी इतका धूर सोडायला लागली की मी जगतपुऱ्यात आमच्या सोसायटीत ती चालू केली की खिडक्या एकामागून एक बंद. सुहासिनी म्हणाली, विका. मी म्हटलं, छे, इंजिनकाम करू! आमच्या घरात मी ठामपणे बोललो की काहीतरी बिघडतंच, पण बोललो.

विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात पृथ्वीराजजींचं गॅरेज आहे. त्यांनी इंजिन खोललं, बांधलं आणि गाडी देताना दवाखान्यातून घरी सोडताना सांगतात तसं पथ्य सांगितलं. आत पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, त्या हळूहळू बसायला हव्यात, याला म्हणे रनिंग-इन म्हणतात, पहिल्यापासून दामटली तर सगळं काम फुकट, म्हणून पन्नासच्या वर नाही, एसी नाही, पाच माणसं नाहीत, आणि एकाच वेगानंही नाही, कधी चाळीस, कधी पन्नास. मी विचारलं, मग चालतं काय? ते जरा विचार करून म्हणाले, "चला सकते हैं."

मग काय, रविवारी दुपारी सुहासिनीला घेऊन निघालो सीकर रोडनं. सिग्नल कमी, रस्ता मोकळा, किलोमीटर भरायचे आणि परत फिरायचं. ती आली ती हौसेनं नाही, वाटेत गाडी ढकलायला कुणीतरी लागेल म्हणून. एका पेट्रोल पंपाशी मी थांबलो, बॉनेट उघडलं, तेल गळतंय का ते खाली वाकून बघितलं, वास घेतला… हो, वाससुद्धा घेतला, पोराचा ताप बघावा तसा! तेवढ्यात मागच्या गाडीतून गुलाबी फेटेवाला एक माणूस डोकावला आणि म्हणाला, "चलें?" मला वाटलं, याला माझी जागा हवीय. मी म्हटलं, "हाँ हाँ, चलिए." झालं! तिथेच झालं, पण मला काय कल्पना?

निघालो. पन्नासच्या वर नाही. कधी चाळीस, कधी पन्नास. आणि तुम्हाला सांगतो, चमत्कार! मागून एक हॉर्न नाही. आरशात बघतो तर गाड्यांची ही रांग, पण ओव्हरटेक करायचं कुणी नावच घेईना. मी हळू झालो की ते हळू, मी जरा पुढे की ते पुढे. मी सुहासिनीला म्हटलं, बघ, लोकांना कळतं, नवं इंजिन आहे, माणूस जपून चाललाय. ती मागे वळून बघत म्हणाली, "अहो, त्या गाडीला गुलाब लावलेत. आत नवरदेव आहे."

असेल बुवा! लग्नसराई आहे. मी हात बाहेर काढून खूण केली, पुढे जा. त्यांनीही हात बाहेर काढून हलवले. किती प्रेमळ माणसं!

पुढे डाव्या हाताला एक मॅरेज गार्डन लागलं, झेंडूची मोठी कमान, दारात हार घेऊन माणसं उभी. आपण पन्नासच्या वर नाही, त्यामुळे सगळं नीट बघून होतं. आम्हाला बघून ती माणसं आनंदानं हात हलवायला लागली, मीही हलवला. मग ती माणसं रस्त्यावर धावत आली. मला वाटलं, राजस्थानी आतिथ्य… माणूस किती मूर्ख असावा, हो?

चौमू गावाच्या पुढे चहाला थांबलो. मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. दारं उघडली, ढोलवाले उतरले आणि चहाच्या टपरीसमोर नाच सुरू! टपरीवाल्यानं घाबरून गॅस बंद केला. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले, नवऱ्या मुलाचे वडील, इकडे तिकडे गार्डन शोधत, आणि मला म्हणाले, "मामाजी, मंडप कहाँ है?"

मग उलगडा झाला. मुलीकडच्यांनी सांगून ठेवलं होतं की पंपावर पांढऱ्या गाडीत नवरीचे मामा थांबतील, गाडी हळू चालवतात, त्यांच्या मागोमाग या. मुलीच्या वडिलांचा मघाशी फोनही आला होता, पुढे कुठे निघालात म्हणून. तर या मिशावाल्यांनी सांगितलं, मामाजी पुढे आहेत, मागच्या दारानं नेत असतील. आणि खरे मामा? ते पंपाच्या पलीकडच्या बाजूला आपल्या पांढऱ्या गाडीत झोपले होते!

मी हात जोडून म्हटलं, मी मामा नाही.

"तो आप हैं कौन?"

आता काय सांगू? म्हटलं, "जी, मैं… इंजन का रनिंग-इन कर रहा हूँ."

ढोल थांबला. मिशा थरथरायला लागल्या. ते म्हणाले, ही आमची थट्टा आहे, मुलीकडच्यांनी अपमान केलाय, गाड्या वळवा, वरात घरी परत! आणि ते नुसतं बोलत नव्हते, ड्रायव्हर खरंच गाड्यांत बसायला लागले. नवरा मुलगा फेट्यासकट खाली उतरला. माझ्या एका इंजिनापायी कुणाचं तरी लग्न मोडत होतं.

तेव्हा सुहासिनी पुढे झाली. इतकी वर्षं इथे राहून तिची हिंदी अजून मिरजेच्या पुढे गेलेली नाही. म्हणाली, "भाईसाहब, वो लड़की उधर नटून-थटून बैठी है, उसका क्या दोष? गलती हमारे इनकी है. ये घर में भी ऐसेच हैं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांना ते पटलं. हसले! माझा अपमान झाला, पण लग्न वाचलं. मात्र मुहूर्त सूर्य मावळायच्या आतला. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, उजव्या हाताला झेंडूची कमान दिसेल. तर ते म्हणाले, नाही, आता पुढे तुम्हीच चालायचं. म्हणजे पुन्हा चुकलं तर धरायला माणूस समोर हवा.

मी गाडीत बसलो. पन्नासच्या वर नाही… पन्नासनं गेलो तर मुहूर्त हुकणार. मी स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो. सुहासिनी हळूच म्हणाली, "अहो, इंजिन पुन्हा उघडता येईल."

दाबला पाय. साठ. सत्तर. ऐंशी! आतून प्रत्येक रिंग माझ्या नावानं खडे फोडतेय असं वाटत होतं, मी दर आवाजाला डोळे मिटत होतो आणि सुहासिनी ओरडत होती, रस्त्यावर बघा! पोचलो तेव्हा सूर्य कुंपणाच्या भिंतीवर टेकला होता. मुलीचे वडील धावत आले आणि त्या गडबडीत पहिला हार माझ्याच गळ्यात घातला. आत नवरी वरमाला घेऊन उभी होती, रडून रडून काजळ गालांवर उतरलेलं. नवऱ्याला बघून ती जी हसली ना… सुहासिनीनं पदर डोळ्यांना लावला. मी बाहेर जाऊन बॉनेट उघडलं. तेलाचा थेंब नाही, धूर नाही. मीही रुमाल डोळ्यांना लावला.

जेवून निघालो. परतीला पुन्हा चाळीस, पन्नास, आणि मागे कुणी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बघा. ऑफिसात मी मीटिंग बोलावली तर शिपाईसुद्धा येत नाही. बागेत फिरायला गेलो आणि मी उजवीकडे वळलो की मैथिली हमखास डावीकडे. उभ्या आयुष्यात एकदाच एवढी माणसं, वाजतगाजत, एक अक्षर न विचारता माझ्या मागोमाग आली…

आणि तीही भलत्याचाच मामा समजून.