परसातला हिरवा पुरावा

हसू नका, पण आमच्या परसात पोलीस येऊन गेले, तेही भाजीपायी.

आरे गावात आमचं घर समुद्राला लागून. तिथल्या वाऱ्यापुढे मिरचीसुद्धा टिकत नाही. माझ्या बायकोने, सुनंदाने, सोलापूरच्या माहेराहून अंबाडीचं बी आणलं. रोपं जरा वाढली की वाऱ्याने आडवी. मग ती शेंडे खुडत राहिली. झाडं गुडघ्याएवढीच राहिली, पण अशी घेरदार झाली की कितीही वारा येवो, हलेनात.

ती झाडं बघायला शेजारचे तात्या कुंपणाशी आले आणि बोटांसारखी फाकलेली पानं बघून हादरलेच.

"अगो, हा गांजा! मी मोबाइलवर बघितलाय!"

दुपारी पोलिसांची जीप दारात.

साहेबांनी विचारलं, "हे काय लावलंय?"

"भाजी," सुनंदा म्हणाली.

"सगळे असंच सांगतात."

सुनंदाने एक पान खुडून स्वतः खाल्लं आणि दुसरं साहेबांपुढे धरलं.

"चावून बघा."

साहेबांनी चावलं. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"आंबट आहे हो!"

"अंबाडी आहे. आंबटच लागणार."

कुंपणापलीकडे तात्या हळूच घरात शिरले. साहेब जीपकडे निघाले, थबकले आणि घसा खाकरून म्हणाले, "पुरावा म्हणून एक जुडी न्यावी लागेल."

"दोन न्या," सुनंदा म्हणाली, "आणि पुराव्यावर लसणाची फोडणी द्यायला विसरू नका."