अक्कलदाढीचा नियम

अरे, पोरांना कशात रस नाही हे रडगाणं तेव्हाही होतंच. इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माजिवड्याच्या छकड्यांच्या शर्यतीत बैल हाकणारे सगळे म्हातारे, म्हणून पंचांनी नवा गट काढला, विशीच्या आतल्यांचा. बक्षीस उसाची मोळी. मी अठरा वर्षांचा. मामाचे बैल मागून आणून महिनाभर सराव केलेला.

पण वय ठरवायचं कसं? जन्माचा दाखला कुणाकडेच नाही. मुख्य पंच हिरूतात्या म्हणाले, "बैलाचं वय दातांवरून कळतं, मग माणसाचं का नाही? अक्कलदाढ आली असेल तो बाद."

माझी पाळी आली. सकाळपासून बैलांच्या तोंडात घातलेलं बोट तात्यांनी माझ्या तोंडात फिरवलं. "आलीय. बाद!"

"अहो तात्या, माझ्या बारशाला तुम्ही जेवून गेलात!"

"गेलो असेन. नियम म्हणजे नियम."

माझ्यामागे सत्तरीचे गोमाआजा उभे. त्यांनी आपणहून आ केला. आत एकही दात नाही. तात्यांनी दोनदा बोट फिरवलं, जरा घुटमळले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्कलदाढ नाही. चालेल."

विशीच्या आतल्या गटात आजा पहिले आले! मी बांधावर फुगून बसलेलो. ते मोळी ओढत आले आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"घे रं पोरा. मला ऊस थोडाच चाववतोय? दाढ तुला आलीय ना, तूच खा!"