मुदत शून्य

विषय: डेटाबेसमध्ये एकाने नोंद लॉक केली असता दुसऱ्याने किती वेळ थांबावे, याबाबत खुलासा.
संदर्भ: नेऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या प्राजक्ताचा उतरलेला चेहरा.

तर ऐका. ही मूळची परभणीची, हिंजवडीत नोकरीला. तिने थांबण्याची मुदत शून्य ठेवली आणि कंपनीचं काम दुपारपर्यंत ठप्प. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला वेंधळी ठरवलं.

"काका, शून्य म्हणजे अजिबात थांबू नको, असंच ना?"

"माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय?"

"नुसतं 'मुदत: शून्य'. पुढे काहीच नाही."

"अगं, आमच्या तहसील कचेरीत मुदतीच्या रकान्यात शून्य दिसलं की फाइल कायमची बसायची. मुदतच नाही, तर संपणार कशी? करून बघ."

तिने लॅपटॉपवर एक नोंद लॉक केली आणि मुदत शून्य ठेवून तीच दुसरीकडून मागून पाहिली. दोन चहा झाले, तरी यंत्र जागचं हलेना. आमची ही मुठा खोऱ्यातली. डोकावून म्हणाली, "ह्ये तर तुमच्या हापिसावानी बसलंय की!"

मग मी मसुदा सांगितला आणि प्राजक्ताने इंग्रजीत पाठवला: शून्य म्हणजे मुदत नाही; लॉक सुटेपर्यंत थांबावे लागेल. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी दोन दिवसांत तो जसाच्या तसा घातला. साहेबांनी, पुन्हा सगळ्यांसमोरच, आपले शब्द मागे घेतले. प्राजक्ता पेढे घेऊन आली.

सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करण्यासाठी माझ्याच जुन्या कचेरीत मी अर्ज दिला आहे. पोचपावतीवर मुदतीच्या रकान्यात शून्य आहे. अर्ज प्रलंबित आहे.