सासूबाईंना वाचून दाखवलेली कादंबरी

तुमी भुताखेतांच्या पुस्तकांचं काय सांगून राहिल्या गं, माझं ऐका. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दुपारी मी त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. त्यात घरच्यांच्या सांगण्यावरून सुईण नुकत्याच जन्मलेल्या पोरीचा जीव घेते. मी पुस्तक मिटलं.

म्हणलं, "आई, असलं काहून लिहितात हो? खरं थोडंच असतंय?"

काळ्या चष्म्याआडून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुढं वाच. त्या लेकराच्या आईला नंतर कधी झोप लागली का, तेवढं बघ."

"तुमाला कशाला पाहिजे ते?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला लेक झाली होती."