मिसेस डिलाइटेड

(वाशी, १९८४. दिनानाथ कारखान्यातून नुकताच आलाय. बायको वैजयंती दारातच उभी.)

दिनानाथ : ...म्हणून सांगतो वैजू, इंग्रजी ही सभ्यतेची भाषा आहे. तिच्यात माणूस माणसाला दुखवत नाही.

वैजयंती : हो, दुखवायला तुम्ही घरी येता. बदलीचं सांगा.

दिनानाथ : नव्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तीन वर्षं अंकलेश्वरच्या प्लँटवर जायचंय, 'आय होप यू डोन्ट माइंड.'

वैजयंती : आणि?

दिनानाथ : 'नॉट अ‍ॅट ऑल, सर.'

वैजयंती : माझी शाळेतली नोकरी जूनमध्ये कायम होतेय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रजेवर शिकवत आले. ते सांगितलंत?

दिनानाथ : ते मध्येच कुठे घुसडणार? त्यांनी 'प्लीज' म्हटलं की आपण 'शुअर' म्हणायचं. पद्धत असते.

वैजयंती : दोन महिने दाढी करताना आरशाला 'सर्टन्ली, सर' म्हणत होतात. त्या इंग्रजीच्या क्लासात 'नो' शिकवलं नाही?

दिनानाथ : नुसतं 'नो' उद्धट वाटतं. आधी 'आय अ‍ॅम अफ्रेड' लावावं लागतं.

वैजयंती : मग लावायचं. तेवढं तरी खरं बोलला असतात.

दिनानाथ : टोमणे नकोत. त्यांनी सवड दिली होती. म्हणाले, 'टेक युवर टाइम. आस्क युवर वाइफ.'

वैजयंती : मग?

दिनानाथ : पाणी दे जरा.

वैजयंती : माठ तिथेच आहे. काय म्हणालात?

दिनानाथ : तसं म्हणायची रीत आहे.

वैजयंती : अहो, नाव घेऊन ओरडायची वेळ आणू नका माझ्यावर. काय म्हणालात?

दिनानाथ : 'शी विल बी डिलाइटेड.'

वैजयंती : मी.

दिनानाथ : ते पण जरा चमकले. 'आर यू शुअर?' म्हणाले. मी म्हटलं, 'अ‍ॅब्सोल्यूटली.'

वैजयंती : मी येणार नाही. जा एकटे, आणि खानावळवाल्याला 'थँक यू' म्हणत जेवा.

दिनानाथ : ऑर्डर टायपिंगला गेलीय, वैजू.

वैजयंती : सही झाली?

दिनानाथ : उद्या होईल.

वैजयंती : मग उद्या मीच येते महापेला, तुमच्या कारखान्यात. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण भांडायला पुरेल.

दिनानाथ : इंग्रजी लागणार नाही.

वैजयंती : का?

दिनानाथ : साहेब गुहागरचे आहेत.