खंडेनवमीचा लॅपटॉप

माझा जन्म हितलाच, सोलापुरात पूर्व भागात, घरात आमी तेलुगू बोलतो आन उंबऱ्याभाईर पाय टाकला की मराठी, त्यामुळं माझं बोलनं मिसळलेलं हाय, लिवताना तुमी नीट करून घ्या. बाप मागावर होता, त्याचा बाप पन मागावर. माझा हात चांगला म्हनून मला तेवढं डिझाइनला बसवलं. डिझाइन म्हंजे काय, तर चौकटीचौकटीचा मोठा कागद, त्यातली एकेक चौकट ब्रशनं रंगवायची, मग त्यावरनं पुठ्ठ्याला भोकं पाडत्यात, ते पुठ्ठे मागावर चढले की चादरीत मोर उतरतो. मी मोर काढले, फुलं काढली, हत्ती पन काढले. माझं काम अंगावर घेऊन कोन कुटं झोपलंय त्याला ठावंच न्हाय, मला त्याची लई गंमत वाटायची.

मग हात थरथरायला लागला. काय सांगू तुमाला, चहाचा कप बशीत वाजायचा. ब्रश एका चौकटीत टेकवला की रंग शेजारच्या चौकटीत. डॉक्टर म्हनले हे आता असंच राहनार, गोळ्या घेत जावा. कारखान्याचा मालक मानूस चांगला, म्हनला अंबादास, कागदावर आता कोन करत न्हाय, कॉम्प्युटरवर करून दिलंस तर आजपन घेतो की. मी घरी आलो आन खाटेवर बसलो, बसलो ते बसलोच. हाताला काम नसलं की थरथर जास्त जानवती.

पोरगा श्रीनिवास हैदराबादला नोकरीला. त्याचा कॉलेजातला लॅपटॉप कपाटावर पडलेला, चालू केला तर माझी आंघोळ व्हायची तरी त्याचं गोल फिरतच असायचं. बॅटरी तर मेलेली, वायर काढली की खेळ खल्लास. घरात सगळे त्याला जुना डबाच म्हनायचे. नवरात्रात फोनवर पोरगा म्हनला, नान्ना, माझं त्यातलं सगळं मी काढून घेतलंय, तुमी त्याला फॅक्टरी रीसेट मारा, दुकानातनं आनल्यासारखा कोरा होईल, मग मी हितनं डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून देतो, बानाची बटनं दाबत चौकटीवर जायचं आन एक बटन दाबायचं, चौकट आपोआप भरती, हात हलला तरी रंग भाईर जात न्हाय. एवढं ऐकलं आन मी खाटेवरनं उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोनवर सांगत गेला, मी दाबत गेलो. सगळं पुसायचं का, असं मशीननं विचारलं, तितं माझं बोट जरा थांबलं, मग दाबलं. पडदा काळा झाला, गोल फिरायला लागलं. श्रीनिवास म्हनला, आता काय बी झालं तरी बंद करू नका, लई येळ लागंल. बरं म्हनलं आन मी फुलं आनायला बाजारात गेलो, बंद करायचं न्हाय हे घरात कुनाला सांगितलं न्हाय.

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी माग थांबवायचा, पुसून हळदकुंकू लावायचं, दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोन हात लावत न्हाय, वर्सभर राबलेल्या हत्याराला एक दिवस आराम. आता घरात माग न्हाय, माझे ब्रश आन पट्टी उरलीय, तीच पद्मा, म्हंजे आमची मंडळी, पाटावर मांडती. मी परत आलो तर पाटावर ब्रश, पट्टी, कात्री आन मधी लॅपटॉप, झाकन लावलेलं, वर कुंकवाची बोटं, वायर गुंडाळून बाजूला. मी ओरडलो, अगं हे काय केलंस, तर ती म्हनती, एमंडी, अवो, तुमचं हत्यारच हाय ना ते आता, आजच्या दिवशी चालू ठेवत्यात व्हय? मी लई तापलो, वायर लावायला गेलो तर ती आडवी आली, उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय म्हनली. आन खरं सांगतो, माझा पन हात फुडं गेला न्हाय, पूजेतल्या मागाला बापानं कधी हात लावला नव्हता.

दसऱ्याची पूजा झाल्यावर वायर लावली. इंग्रजीत काय तरी यायचं आन बंद, परत तेच आन बंद. मी पद्माशी बोललो न्हाय, जेवलो पन न्हाय नीट.

दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून सलीमभाईकडं नेला, पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, आता हे. पद्मा न विचारताच मागनं आली. झाकनावरचं कुंकू बघून सलीमभाई हसायला लागले, अंबादासशेट, जुनं गेलं, नवं आलं न्हाय, आधेमें अटक गया, पन डिस्क चांगली हाय, काळजी करू नका. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, आमी दोघं स्टुलावर बसून राहिलो, ती एका टोकाला, मी एका टोकाला. लई येळानं पडदा निळा उजळला, चकचकीत, आन मशीननं वापरनाऱ्याचं नाव विचारलं. सलीमभाई म्हनले काय टाकू? मी म्हनलं पद्मा टाका. ती म्हनली, अवो, माझं कशाला, मला काय येतंय त्यातलं? मी म्हनलं, सगळे डबा म्हनत होते, हत्यार आधी कोन म्हनलं?

तिनं पदरानं पडदा पुसला.

श्रीनिवासनं तितनं सॉफ्टवेअर टाकून दिलं, आता मालकाकडं माझी डिझाइनं जात्यात. पैल्या मोराची चादर आमच्याच खाटेवर हाय, बघा, पद्मा म्हनती मान जरा जाड झालीय, आन झालीय खरी. ह्या वर्साला खंडेनवमीला मी तो आधी नीट बंद केला, मग तिच्या हातात दिला. रोज सकाळी चालू केला की पयलं तिचं नाव येतं, मग मी बानावर बोट ठेवतो. हात थरथरतो, थरथरू दे की. चौकट भरती.